सरळसेवा भरतीचा ऑनलाइन अर्ज: आधी फाईल, मग फॉर्म

निवड यादीत नाव लागूनही कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरून रिकाम्या हाताने परतावं लागतं, अशी मुलं-मुली जवळपास प्रत्येक भरतीत असतात. अभ्यास झालेला असतो, गुणही पुरेसे असतात. नडतं ते नॉन क्रिमीलेअरवर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यावर) छापलेल्या तारखेमुळे, किंवा चार महिन्यांपूर्वी सायबर कॅफेत घाईघाईत ‘होय’ केलेल्या एखाद्या रकान्यामुळे. तलाठी, जिल्हा परिषद, पोलीस, नगरपरिषद, आरोग्य, वनविभाग, भरती कोणतीही असो, हे होऊ नये म्हणून अर्ज कसा भरायचा ते इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. अर्जात तुम्ही माहिती देत नसता, दावे करत असता. मी ओबीसी आहे, मी खेळाडू आहे, मी महाराष्ट्राचा रहिवासी आहे, माझी पदवी अमुक तारखेला पूर्ण झाली, हे सगळे दावे. त्यांना दोन नियम लागू होतात. जो दावा केला त्याचा कागद पडताळणीला दाखवावाच लागतो. आणि जो दावा अर्जात केला नाही, तो नंतर कितीही खरा कागद नेला तरी विचारात घेतला जात नाही. पुढचं सगळं या दोन नियमांतूनच निघतं.

पहिली पायरी: मूळ जाहिरात, पूर्ण

ग्रुपवर फिरणारं रंगीत पोस्टर म्हणजे जाहिरात नव्हे. विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरची पीडीएफ उतरवून घ्या आणि अर्जाची लिंकही तिथूनच उघडा. २०२२ पासून सरळसेवेच्या बहुतेक परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस या संस्थांमार्फत होतात, त्यामुळे लिंक उघडल्यावर वेगळ्या नावाचं पान दिसतं. विभागाच्या पानावरून तिथे पोहोचला असाल तर काळजी नको. मेसेजमधल्या लिंकवरून पोहोचला असाल तर पान बंद करा.

पीडीएफ लांबलचक असते आणि बरेच जण वयोमर्यादा व शुल्क पाहून ती मिटतात. पेन घेऊन तीन तारखा शोधा आणि वहीत लिहा: वय कोणत्या दिनांकाला मोजणार, शैक्षणिक अर्हता कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण हवी, आणि दाखले कोणत्या दिनांकाला वैध असायला हवेत. या तिन्ही एकच असतील असं नाही. राज्य सेवेतल्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांपर्यंतची मर्यादा आहे, पण पोलीस शिपायासाठी ती २८ आणि ३३ आहे. ऐकीव आकड्यावर जाऊ नका. पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल बाकी असेल तर अर्हतेचा दिनांक डोळ्यांत तेल घालून पाहा. त्या दिनांकानंतर निकाल लागला तर पुढे गुण कितीही मिळाले तरी उपयोग नाही.

मग पदांचा तक्ता. उभ्या-आडव्या रकान्यांत सामाजिक प्रवर्ग आणि समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिला, खेळाडू, माजी सैनिक अशांसाठी ठेवलेल्या जागा असतात. तुमच्या प्रवर्गाला त्या जिल्ह्यात, त्या पदाला जागा आहे का, ते आधी पाहा. शून्य असेल तर त्या जिल्ह्यात तुमची स्पर्धा अराखीव जागांसाठीच आहे, हे ठाऊक असलेलं बरं. वहीत एक ओळ शुद्धिपत्रकासाठी मोकळी ठेवा. जागा आणि मुदत दोन्ही शुद्धिपत्रकाने बदलतात, आणि ते त्याच संकेतस्थळावर येतं.

दुसरी पायरी: फाईल

लिंक उघडण्याआधी सगळे मूळ कागद टेबलावर काढा. झेरॉक्स नको, फोनमधला फोटो नको, मूळ कागद. सगळ्यात वर दहावीचं प्रमाणपत्र ठेवा, कारण नाव आणि जन्मतारीख त्यावरूनच धरली जाते. त्याखाली बारावी, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अधिवास दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर, एमएस-सीआयटी, आणि समांतर आरक्षणाचा असेल तो कागद. प्रत्येकाचा क्रमांक, दिनांक आणि देणारा अधिकारी वहीत उतरवा. फॉर्म हेच विचारतो, आणि स्क्रीनवर वेळ संपत आलेली असताना फाईल चाळणं फार महागात पडतं.

आता नॉन क्रिमीलेअर. सगळ्यात जास्त नुकसान या एका कागदापायी होतं, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, एका ओबीसी मुलीच्या फाईलमध्ये नॉन क्रिमीलेअर आहे. खाली ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं छापलंय. जाहिरात १८ मार्चला आली, अर्जाची शेवटची तारीख ८ एप्रिल. ती २५ मार्चला बसते, कागद हातात आहे, आजच्या तारखेला वैध आहे, म्हणून ‘आहे का?’ समोर ‘होय’ करते. पण जाहिरातीत लिहिलंय की दाखला अर्ज सादर करण्याच्या अंतिम दिनांकास वैध असावा. त्या दिवशी, म्हणजे ८ एप्रिलला, तिचा कागद आठवडाभर आधीच संपलेला असेल. फॉर्म तिला अडवणार नाही, संगणकाला ते कळत नाही. कळेल ते पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कित्येक महिन्यांनी.

तिने काय करायला हवं? जाहिरात पाहिल्या दिवशीच आधीच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे गोळा करून सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून नव्याने अर्ज करायचा आणि शेवटच्या तारखेच्या आत दाखला हातात पडेल असा पाठपुरावा करायचा. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीने येतो. दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि भरतीच्या काळात सेतूत गर्दी असते ती वेगळीच. पोचपावती म्हणजे दाखला नव्हे, हेही लक्षात असू द्या. माझा आग्रह इतकाच, की जाहिरातीची वाट पाहूच नका. मुदत ३१ मार्चला संपत असेल तर नव्या दाखल्याची तयारी आधीपासून सुरू ठेवा, मग भरती येवो न येवो.

नॉन क्रिमीलेअर कोणाला लागतं यावरही गोंधळ आहे. अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही. विजा-भज (विमुक्त जाती आणि भटक्या जमाती), विशेष मागास प्रवर्ग, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना लागतं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी ते लागायचं, ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट काढली. आजही कित्येक मुली जुन्या माहितीवर विसंबून तो दावाच सोडून देतात.

जात वैधता प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी नसलं तरी बहुतेक भरतींत अर्ज करता येतो. नसेल तर ‘नाही’ लिहा आणि जात पडताळणी समितीकडे प्रकरण लगेच दाखल करा. बारावी सायन्सनंतर इंजिनीअरिंग किंवा फार्मसीला राखीव जागेतून प्रवेश घेतलेल्यांकडे ते बहुधा असतंच, घरातली जुनी फाईल शोधा. आणखी एक: विवाहित महिलेचा जातीचा दाखला माहेरच्या जातीवर, म्हणजे वडिलांकडच्या पुराव्यांवर मिळतो. सासरचा दाखला चालत नाही.

रेल्वे, बँक, स्टाफ सिलेक्शन कमिशन असे केंद्राचे अर्जही भरत असाल तर त्यांची फाईल वेगळी ठेवा. तिथे ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचा दाखला चालत नाही. राज्यात भटक्या जमाती क प्रवर्गात असलेला धनगर उमेदवार किंवा ड प्रवर्गातला वंजारी उमेदवार केंद्राच्या यादीत ओबीसी आहे. उलट, मराठा समाजाला राज्यात २०२४ च्या कायद्याने मिळालेलं एसईबीसी आरक्षण केंद्रात नाही. तिथे आर्थिक निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) मार्ग आहे, आणि त्याचंही प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षाचं हवं.

कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या पदांसाठी अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घाला.

तिसरी पायरी: ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच

सायबर कॅफेत फॉर्म भरायला काही हरकत नाही, घरी संगणक नसणाऱ्यांना तोच आधार असतो. पण तिथल्या दादाचा ईमेल किंवा नंबर टाकू देऊ नका. हॉल तिकीट, उत्तरतालिकेवरच्या हरकतींची मुदत, पडताळणीचं बोलावणं, सगळं त्याच पत्त्यावर येतं, आणि एक भरती वर्ष-दीड वर्षही चालू शकते. स्वतःचा ईमेल उघडा आणि नोंदणी क्रमांक व पासवर्ड वहीत लिहा. भरती संपेपर्यंत सिमकार्ड बदलू नका, रिचार्ज बंद पडू देऊ नका. कॅफेतून निघताना लॉगआउट झालंय याची खात्री करा आणि संगणकावर उतरवलेले तुमचे दाखले काढून टाकायला लावा.

चौथी पायरी: फोटो आणि सही

फोटो अलीकडचा, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीचा, समोर पाहणारा हवा. चष्म्यावर चमक नको, टोपी नको, सेल्फी तर नकोच. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते, सोबत डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वहस्ते लिहिलेलं घोषणापत्रही मागतात. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करायची, आणि ठळक इंग्रजी अक्षरांत म्हणजे कॅपिटलमध्ये केलेली सही ते स्वीकारत नाहीत. सही तीच करा जी तुम्हाला परीक्षा केंद्रावर, घाईत, पुन्हा तशीच करता येईल. ठसा किंवा सही फोनवर काढताना कागदावर स्वतःची सावली पडू देऊ नका. उजेडाकडे तोंड करून, फोन कागदाला समांतर धरून काढा, मग कडेचा भाग कापा. साईज कमी करताना अक्षरं फुटली तर पुन्हा काढा. अपलोड झाल्यावर स्क्रीनवर मोठं करून बघा, फोटोच्या जागी सही गेलेले अर्ज असतात.

त्याच फोटोच्या आठ-दहा प्रती छापून फाईलमध्ये ठेवा. परीक्षेलाही तोच न्यायचा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष फॉर्म

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं, अक्षरन् अक्षर. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी, म्हणून कोणत्या रकान्यात काय टाकायचं ते नीट वाचा. स्पेलिंगमध्ये एका ‘ए’चा फरक असला तरी तो आधारवर दुरुस्त करून घ्या, कारण केंद्रावर हॉल तिकीट आणि ओळखपत्र शेजारी-शेजारी ठेवून बघतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ‘नावात बदल आहे का?’ हा रकाना असतो. तिथे ‘होय’ करा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवा. राजपत्रात नाव छापून घेणं ऑनलाइन होतं, ते काम आत्ताच उरकून टाका.

प्रवर्ग निवडताना प्रामाणिकपणे विचार करा. जातीचा दाखला आहे, पण नॉन क्रिमीलेअर मुदतीत मिळणारच नसेल, आणि वय खुल्या मर्यादेत बसत असेल, तर अराखीव म्हणून पूर्ण शुल्क भरून अर्ज करणं हा सरळ मार्ग आहे. मनाला लागतं, मान्य. पण पडताळणीत सिद्ध न होणारा दावा हातची संधी घालवू शकतो.

समांतर आरक्षणाच्या रकान्यांवरून घाईने खाली सरकू नका. महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, पदवीधर अंशकालीन कर्मचारी १०, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, दिव्यांग ४, भूकंपग्रस्त २ आणि अनाथ १ टक्का अशी तरतूद आहे. लातूर-धाराशिवकडच्या घरांत भूकंपग्रस्ताचा दाखला असतो आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो. धरणात जमीन गेलेल्या घरांत प्रकल्पग्रस्ताचा दाखला भावाच्या नावाने झालेला असतो. आई-वडिलांना, चुलत्यांना विचारा. खेळाडूंनी नुसत्या प्रमाणपत्रावर दावा करू नये. त्याची क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी झालेली असावी लागते आणि तिला वेळ लागतो. दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं. लेखनिक आणि ताशी २० मिनिटांचा वाढीव वेळ लागणार असेल तर त्याची मागणी याच फॉर्ममध्ये नोंदवायची असते, परीक्षेच्या दिवशी सांगून भागत नाही.

शैक्षणिक माहितीत टक्केवारी वरच्या अंकाला पोहोचवू नका. बँकांच्या परीक्षांत तर ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी, असं नियमातच लिहिलेलं आहे. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर विद्यापीठाने दिलेल्या सूत्रानेच टक्के काढा आणि ते सूत्र छापलेला कागद फाईलमध्ये ठेवा. उत्तीर्ण झाल्याचा दिनांक म्हणजे पदवीदान समारंभाचा दिवस नव्हे, शेवटच्या सत्राचा निकाल जाहीर झाला तो दिवस.

अपत्यांचा रकाना विवाहितांनी गांभीर्याने घ्यावा. लहान कुटुंबाच्या नियमानुसार, २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनहून अधिक होत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो.

गुन्ह्याच्या रकान्यात खरं तेच लिहा. किरकोळ वाटणारं प्रकरणसुद्धा चारित्र्य पडताळणीत समोर येतं, आणि तेव्हा प्रकरणापेक्षा ते लपवल्याचाच त्रास मोठा होतो.

जिल्हा किंवा घटक निवडताना जाहिरातीतली अट पाहा. पोलीस भरतीत एकाच पदासाठी दोन घटकांत अर्ज केले तर उमेदवारी रद्द होते. ‘दोन ठिकाणी टाकून ठेवू’ हा सल्ला कोणी कितीही खात्रीने दिला तरी ऐकू नका. परीक्षा केंद्राचे पर्याय देताना, सकाळच्या सत्राला तिथे पोहोचायला रात्रीची एसटी किंवा रेल्वे आहे का ते पाहून द्या.

सहावी पायरी: सबमिटच्या आधी

पूर्वावलोकनाचं पान आलं की उठा, पाणी प्या, आणि घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवा. त्यांनी मूळ कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायचं, तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून जुळवायचं. दाखला क्रमांकातला प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख. स्वतः एकट्याने वाचलं तर डोळे सवयीने बरोबरच वाचतात. स्टाफ सिलेक्शन कमिशन नंतर शुल्क घेऊन दुरुस्तीची खिडकी उघडतं, पण सरळसेवेच्या बहुतेक भरतींत सबमिट केल्यावर काही बदलता येत नाही.

शुल्क भरल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही. ही रक्कमही लहान नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होती. खात्यातून पैसे गेले पण अर्जावर ‘पेंडिंग’ दिसतंय, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा, थोड्या वेळाने आणि मग दुसऱ्या दिवशी स्थिती तपासा, तोवर पैसे परत येतात किंवा अर्ज पूर्ण होतो. हे करायला दिवस हाताशी हवेत. म्हणून शेवटचे चार दिवस अर्जासाठी नाहीतच असं समजून चाला. त्या दिवसांत सर्व्हर रडतो, ओटीपी येत नाही, आणि मदत क्रमांक लागत नाही.

अर्ज गेल्यानंतर

भरलेल्या अर्जाची पीडीएफ ईमेलवर स्वतःलाच पाठवा आणि दोन प्रती छापा. एका प्रतीवर, तुम्ही केलेल्या प्रत्येक दाव्यासमोर पेन्सिलने लिहा: कागद आहे, मूळ आहे, कधीपर्यंत वैध. जिथे काही लिहिता येत नाही ते काम उद्याच सुरू करा. वैधतेसाठी समितीकडे, नावासाठी राजपत्राकडे, आधारसाठी केंद्रावर. परीक्षा आणि पडताळणी यांच्यात काही महिने असतात, पण बोलावणं आल्यावर हातात जेमतेम काही दिवस उरतात आणि त्या दिवसांत समितीतून कागद बाहेर पडत नाही. ही पेन्सिलची प्रत फाईलच्या सगळ्यात वर लावा, आणि एकेक कागद हातात येईल तसतशी पेनाने खूण करत जा.